लहान कॉलेजांचे सामने आणि त्यांचे नित्याचे प्रेक्षक

अमेरिकेंतील बास्केटबॉल म्हटला म्हणजे बहुतेक श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें, तें वीस वीस हजार माणसें मावणाऱ्या क्रीडागृहांचें, धनाढ्य व्यावसायिक संघांचें आणि सात सात फूट उंचीच्या नामांकित खेळाडूंचें असतें. हें चित्र खोटें नाहीं. परंतु तें अपुरें मात्र आहे. त्याच देशांत नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शेंकडों लहान गांवांतून हाच खेळ आठवड्यामागून आठवडा खेळला जातो, आणि तेथें दोनतीनशें माणसें जमलीं तरी संयोजकांस समाधान वाटतें. खेळणारे विद्यार्थी पुढें व्यावसायिक खेळाडू होणार नसतात. कोणी शिक्षक होतो, कोणी हिशेबनीस, कोणी डॉक्टर, कोणी वडिलांच्या शेतावर परत जातो. त्यांचीं नांवें मोठ्या वृत्तपत्रांत येत नाहींत. असें असूनही या सामन्यांना एकदां नव्हे, दहादां नव्हे, तर एका हंगामांत पन्नास साठ वेळां हजेरी लावणारी प्रेक्षकांची एक जात त्या देशांत आहे. आजचें भाषण त्या प्रेक्षकांविषयीं आहे.

हे लोक ओळखावयास कठीण नसतात. ते विद्यार्थी नव्हेत. विद्यार्थ्यांचा घोळका एका कोपऱ्यांत उभा राहून घसा कोरडा करीत असतो. ते खेळाडूंचे आईबापही नव्हेत. आईबापांची नजर एकाच मुलावर खिळलेली असते, आणि तें मूल बाकावर जाऊन बसलें कीं त्यांच्यापुरता सामना थांबतो. या प्रेक्षकाचा कोणीही नातेवाईक मैदानावर नसतो. निवृत्त शाळामास्तर, टपाल वाटून आयुष्य काढलेला एखादा गृहस्थ, मुलें दूर नोकरीला गेल्यावर घरांत उरलेलीं नवराबायको, क्वचित् एखादा शेतकरी, कारण मक्याची कापणी नोव्हेंबरांत उरकली म्हणजे वसंत ऋतूपर्यंत शेतांत फारसें काम उरत नाहीं. अशी ही मंडळी. दारापाशीं टेबलावर कांहीं डॉलर द्यावयाचे, हातावर शाईचा शिक्का मारून घ्यावयाचा, खेळाडूंच्या नांवांचा छापील कागद उचलावयाचा, आणि दोन्ही संघांच्या बाकांच्या समोरच्या अंगास पांचव्या सहाव्या पायरीवर जाऊन बसावयाचें. तेथून खेळ दिसतो आणि प्रशिक्षकांचे चेहरेही दिसतात. मग खिशांतून एक लहानशी वही निघते. तींत तारीख, गांव, दोन संघांचीं नांवें, शेवटची गुणसंख्या आणि एखादी ओळ. “डावखुरी नवी मुलगी, घाबरते, पण चुकत नाहीं.” एवढेंच.

एका हंगामांत साठ सामने हा आंकडा ऐकून नवल वाटेल. पण हिशेब सोपा आहे. पुष्कळ ठिकाणीं बुधवारीं आणि शनिवारीं सामने होतात, आणि दर वेळीं आधीं मुलींचा व त्यापाठोपाठ मुलांचा, असे एका तिकिटांत दोन सामने पाहावयास मिळतात. म्हणजे आठवड्याचे चार झाले. नाताळची सुटी वगळली तरी चौदा पंधरा आठवडे उरतात. साठ भरले. ज्याला याहून अधिक हौस असेल तो मंगळवारीं आणि शुक्रवारीं दुसऱ्या गटाच्या कॉलेजांकडे वळतो व शंभरीच्या जवळ जातो. मात्र यांत एक अडचण आहे. नियमाप्रमाणें एका संघास साखळी हंगामांत २५ सामनेच खेळतां येतात, आणि त्यांतले निम्मे परगांवीं. तेव्हां ज्याला साठ सामने पाहावयाचे आहेत त्याला एका कॉलेजाचा अभिमान बाळगून भागत नाहीं. त्याला हिंडावें लागतें, आणि हिंडतां हिंडतां त्याचा पक्षपात आपोआप झिजून जातो. पहिल्या वर्षीं तो आपल्या गांवचा संघ जिंकावा म्हणून येतो. दहाव्या वर्षीं तो चांगला खेळ व्हावा म्हणून येतो.

या हिंडण्यास आयोवा राज्य फार सोयीचें आहे. एकोणिसाव्या शतकांत त्या गवताळ सपाटीवर वस्ती करावयास आलेल्या प्रत्येक पंथानें आपल्या प्रार्थनामंदिराच्या पाठोपाठ एक कॉलेज उभारलें. मेथॉडिस्टांनीं माउंट प्लेझंट येथें १८४२ सालींच शाळा काढली, तिचें पुढें आयोवा वेस्लियन कॉलेज झालें. काँग्रिगेशनल पंथीयांनीं १८४६ त स्थापिलेली संस्था पुढें ग्रिनेल गांवीं आली. नॉर्वेहून आलेल्या ल्यूथरपंथीयांचें ल्यूथर कॉलेज ईशान्येकडील डेकोरा गांवांत. जर्मन ल्यूथरपंथीयांचें वॉर्टबर्ग वेव्हर्लींत. डच वसाहतीच्या पेला गांवांत सेंट्रल कॉलेज. आणि मिसिसिपीच्या कांठच्या डुबुक शहरांत तर कॅथलिकांचें लोरास व प्रेस्बिटेरियनांचें डुबुक विद्यापीठ अशीं एकाच गांवांत दोन. इंडियानोला येथील सिंप्सन कॉलेजाशीं मराठी वाचकांचा थोडा परिचय आहे. वीणा गवाणकर यांच्या पुस्तकानें घरोघरीं पोहोंचलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर १८९० त येथेंच प्रथम कॉलेजांत बसले. या एकेका संस्थेंत विद्यार्थी हजार-दोन हजार, कित्येकदां त्याहूनही कमी. त्यांतली एक मुलगी सकाळीं रसायनशाळेंत असते, दुपारीं ग्रंथालयाच्या खिडकीपाशीं पुस्तकें देते आणि रात्रीं मैदानावर चेंडू टोपलींत टाकते.

राष्ट्रीय कॉलेज क्रीडा संघटनेनें १९७३ मध्यें आपल्या सभासद संस्थांचे तीन विभाग पाडले. अशा बहुसंख्य लहान कॉलेजांचा समावेश तिसऱ्या विभागांत होतो. त्या विभागाचा मुख्य नियम असा कीं, खेळाबद्दल म्हणून कोणाही विद्यार्थ्यास शिष्यवृत्ति द्यावयाची नाहीं. चारशेंहून अधिक संस्था आज या विभागांत आहेत. बाकीचीं पुष्कळ लहान कॉलेजें निराळ्या संघटनेंत आहेत व तेथील नियमही निराळे आहेत; पण प्रेक्षकाच्या लेखीं त्या भेदाला फारसें महत्त्व नसतें. त्याला एवढेंच कळतें कीं समोरचीं मुलें पैशासाठीं खेळत नाहींत.

हा खेळ लहान संस्थांत रुजला यांत आश्चर्य नाहीं, कारण तो जन्मला तोच मुळीं हिवाळ्यांतील अडचणींतून. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स् राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षणशाळेंतील जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकापुढें प्रश्न होता: बाहेर बर्फ पडलेलें, वर्गांतले १८ विद्यार्थी कवायतीला कंटाळलेले, त्यांना घराच्या आंत खेळतां येईल असें काय द्यावें? त्यानें सज्जाच्या कठड्याला, जमिनीपासून १० फुटांवर, पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, १३ नियम लिहून काढले, आणि ९-९ जणांचे दोन संघ केले. त्याच संस्थेच्या लोकांनीं पुढें हा खेळ देशोदेशीं नेला. भारतांतही तो त्यांच्याच हातून आला. कॉलेजांत तर तो वणव्यासारखा पसरला. १८९३ च्या मार्चमध्यें स्मिथ कॉलेजांत सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनें मुलींचा पहिला सामना भरविला. त्याला पुरुषांस मज्जाव होता, आणि मुलींनीं मात्र सज्जे भरून टाकले होते. १८९५ च्या फेब्रुवारींत सेंट पॉल येथील हॅम्लीन कॉलेज मिनेसोटाच्या कृषिशाळेशीं खेळलें व ९ विरुद्ध ३ अशा गुणांनीं हरलें; दोन निरनिराळ्या शिक्षणसंस्थांमधील हा पहिला सामना समजतात. पुढल्याच वर्षाच्या जानेवारींत शिकागो विद्यापीठानें आयोवा सिटींत येऊन ५-५ खेळाडूंचा पहिला सामना १५-१२ असा जिंकला. स्मिथ, हॅम्लीन आणि शिकागो या तिन्ही संस्था आज त्या तिसऱ्या विभागांतच खेळतात. लहान कॉलेजांचा खेळ हा मोठ्यांच्या खेळाची धाकटी आवृत्ति आहे, असें जें सर्रास म्हटलें जातें, तें इतिहासास धरून नाहीं. वय मोजावयाचें झालें तर थोरलेपण इकडे आहे.

जानेवारींतील एखाद्या बुधवारची संध्याकाळ घ्यावी. साडेचारलाच अंधार पडूं लागलेला. पारा शून्याच्या पुष्कळ खालीं. आयोवांत बर्फ पडून थांबलें तरी संकट टळत नाहीं. उघड्या शेतांवरून येणारा वारा पडलेलें बर्फ उचलून रस्त्यावरून आडवें वाहवीत नेतो, आणि मोटारीच्या दिव्यांपुढें रस्ता पांढऱ्या पाण्याखालीं गेल्यासारखा दिसतो. अशा वेळीं साठ सत्तर मैल जावयाचें, चार तास लांकडी पायरीवर बसावयाचें, आणि रात्रीं दहाला पुन्हां तेवढेंच अंतर परत यावयाचें. मोटारींत घोंगडी, फावडें, गरम कॉफीचा थर्मास आणि वाळूची एक पिशवी ठेवलेली असते. या तयारीला कोणी साहस म्हणत नाहीं. ती दर बुधवारची रीत असते.

क्रीडागृहाचें दार उघडलें कीं चष्म्यावर वाफ धरते आणि लाह्यांचा वास येतो. भिंतींत घडी करून ठेवलेले पायऱ्यांचे बाक ओढून बाहेर काढलेले असतात. एका टोकास कॉलेजाच्या वाद्यवृंदांतील दहाबारा मुलें पितळी वाद्यें जुळवीत असतात. गुणफलक चालविणारा विद्यार्थी, चेंडू पुसणारा विद्यार्थी, तिकिटें देणारी विद्यार्थिनी. सारा कारभार ज्याचा त्यानेंच पाहिलेला. येथें खेळ फार जवळून दिसतो. पहिल्या पायरीवर बसणाऱ्याचे पाय जवळजवळ मैदानाच्या रेषेवर असतात. बुटांचा करकर आवाज, एका खेळाडूनें दुसऱ्यास दिलेला इशारा, पंचानें हळूच दिलेली ताकीद, हें सर्व ऐकूं येतें. वीस हजारांच्या गर्दींत खेळाचा देखावा दिसत असेल. संभाषण ऐकूं यावयाचें असेल तर असें दोनशें माणसांचें घर पाहिजे.

मुलींचा सामना आधीं असतो, आणि पुष्कळ प्रेक्षक तो संपतां संपतां उगवतात. नित्याचा प्रेक्षक मात्र पहिल्या शिटीला हजर असतो. आयोवांत तर याला एक खास कारण आहे. त्या राज्यांतील शाळांत मुलींचा बास्केटबॉल १९९३ पर्यंत एका निराळ्या पद्धतीनें खेळला जाई. दर बाजूस ६ मुली, त्यांतल्या ३ सदैव चढाई करणाऱ्या व ३ सदैव बचाव करणाऱ्या. मधली रेषा कोणी ओलांडावयाची नाहीं, आणि चेंडू हातीं आल्यावर दोनदांहून अधिक आपटावयाचा नाहीं. बाहेरच्यांनीं या पद्धतीची थट्टा केली. मुलींच्या शक्तीविषयींचा जुना अविश्वास तिच्या मुळाशीं होता, हेंही खरें. पण इतर राज्यांत मुलींना मैदानच मिळत नव्हतें त्या काळांत आयोवाच्या लहान लहान गांवांनीं आपल्या मुलींचे सामने पाहण्यासाठीं दुकानें बंद केलीं, आणि डे मॉइन शहरांतील राज्यस्पर्धा तुडुंब भरविली. आज पायऱ्यांवर बसलेल्या सत्तरीच्या पुष्कळ बायका त्या सहाजणींच्या खेळांत वाढलेल्या आहेत. अर्धेंच मैदान वांट्यास आलेल्या त्या बायका समोरच्या मुलींना सबंध मैदानभर धांवतांना पाहतात, त्या वेळीं त्यांच्या चेहऱ्यावर जें दिसतें त्याला केवळ कौतुक म्हणून भागणार नाहीं. थोडा मत्सरही त्यांत असावा.

आतां कोणी विचारील, एवढे सामने कशासाठीं? चांगले निवडून दहा पाहिले तर काय बिघडलें? याचें उत्तर असें कीं, चांगला सामना कोणता हें आधीं कोणालाही कळत नाहीं. २० नोव्हेंबर २०१२ हा एक साधा मंगळवार होता. ग्रिनेल कॉलेजाचा सामना फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेज या त्याहूनही लहान संस्थेशीं होता. निकालाविषयीं कोणाच्या मनांत शंका नव्हती. त्या रात्रीं जॅक टेलर नांवाच्या विद्यार्थ्यानें एकट्यानें १३८ गुण केले. १०८ वेळां चेंडू टोपलीकडे फेंकला, ५२ वेळां तो आंत गेला. अमेरिकेच्या कॉलेजांत एवढे गुण कोणीही केले नव्हते, आणि सकाळीं उठून पाहावें तों ग्रिनेलचें नांव देशभर झालें. खरें सांगावयाचें तर हा विक्रम थोडा घडवून आणलेला होता. ग्रिनेलचे प्रशिक्षक डेव्हिड आर्सेनो यांची पद्धतच अशी कीं मिनिटा मिनिटाला सबंध संघ बदलावा, वाऱ्याच्या वेगानें खेळावें आणि चेंडू दिसतांच लांबून फेंकावा. त्या रात्रीं तर सर्वांनीं टेलरलाच चेंडू द्यावा असें ठरलें होतें. जाणत्यांत यावरून अजून वाद होतो. पण वहीवाल्या प्रेक्षकांस त्या सामन्यांतील दुसरीच गोष्ट अधिक सांगावीशी वाटते. सामना १७९-१०४ असा संपला, आणि हरलेल्या १०४ पैकीं ७० गुण प्रतिपक्षाच्या एकाच खेळाडूचे होते. ७० गुण म्हणजे कोणत्याही दुसऱ्या रात्रीं राज्यभर गाजणारी कामगिरी. तिची दखल बाहेर फारशी कोणी घेतली नाहीं. जे तेथें बसले होते त्यांनीं घेतली.

टेलरनें मोडलेला विक्रमही एका लहान कॉलेजाचाच होता. ओहायो राज्याच्या आग्नेय कोपऱ्यांतील रिओ ग्रँड कॉलेजांत १९५२-५३ च्या सुमारास शंभरही विद्यार्थी नव्हते, आणि पैशाअभावीं तें बंद पडण्याच्या पंथास लागलें होतें. त्याच्या क्रीडागृहास लोक ‘डुकरांचा गोठा’ म्हणत. तेथें बेव्हो फ्रान्सिस नांवाचा एक उंच, बुजरा मुलगा आला. १९५३ च्या जानेवारींत त्यानें एका सामन्यांत ११६ गुण केले. प्रतिपक्ष चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचें कॉलेज नव्हतें, या कारणानें संघटनेनें तो विक्रम पुढें अमान्य केला. तेव्हां त्यानें २ फेब्रुवारी १९५४ रोजीं हिल्सडेल कॉलेजाविरुद्ध ११३ गुण करून दाखविले, आणि याविषयीं मात्र कोणाला हरकत घेतां आली नाहीं. त्याला पाहण्यासाठीं लोक तिकिटें काढूं लागले, मोठमोठ्या शहरांतून आमंत्रणें आलीं, आणि त्या उत्पन्नानें कॉलेज तगलें. एका खेळाडूच्या हातानें एक विद्यालय वाचलें, असें उदाहरण क्रीडेच्या इतिहासांत विरळाच सांपडेल.

परंतु सगळ्या वह्या अशा विक्रमांनीं भरलेल्या असत्या तर त्या राखण्यांत विशेष तें काय? खरी कसोटी हरणाऱ्या संघाच्या प्रेक्षकांची. कॅलिफोर्नियांतील पासाडेना येथील कॅलटेक ही विज्ञानाची जगद्विख्यात संस्था. नोबेल पारितोषिकांचें तिला अप्रूप नाहीं. पण १९८५ नंतर तिच्या मुलांच्या बास्केटबॉल संघास आपल्या गटांतील एकही सामना जिंकतां आला नव्हता. एक नाहीं, दोन नाहीं, ओळीनें ३१० पराभव. पहिल्या पराभवाच्या वेळीं खेळणारे विद्यार्थी पन्नाशीकडे झुकले, त्यांचीं मुलें कॉलेजांत गेलीं, आणि संघ हरतच राहिला. तरी पायऱ्यांवर कांहीं माणसें येऊन बसत होतीं. २२ फेब्रुवारी २०११ रोजीं, हंगामाच्या शेवटच्या सामन्यांत, ऑक्सिडेंटल कॉलेजाशीं ४५-४५ अशी बरोबरी झाली असतांना केवळ तीन सेकंद उरले होते. रायन एल्मक्विस्ट या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यास दंडाचे दोन फेंक मिळाले. एक आंत गेला, आणि तेवढा पुरला. ४६-४५. लोक मैदानावर उतरले. सव्वीस वर्षांत या संघाचे जे सामने कोणी पाहिले असतील, त्या सर्वांची किंमत त्या एका गुणानें फिटली असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. पण तो एक गुण ज्याला खरोखर समजला, तो आधींचे पराभव पाहिलेलाच माणूस होता, यांत शंका नाहीं. त्या रात्रीं पहिल्यांदाच आलेल्या माणसानें फक्त एक अटीतटीचा सामना पाहिला.

कांहीं गांवांनीं आपापल्या रीतीही पाडल्या आहेत. इंडियाना राज्यांतील अपलंड येथें टेलर विद्यापीठांत डिसेंबरांतील परीक्षांच्या आदल्या शुक्रवारीं सबंध क्रीडागृह चिडीचूप बसतें. मुलें नाना वेष करून येतात, पण तोंडांतून शब्द काढीत नाहींत. आपल्या संघाचा दहावा गुण होतांच छप्पर उडेल असा गजर होतो, आणि सामना संपतांना सर्वजण नाताळांतील शांत रात्रीचें तें प्रसिद्ध गीत म्हणतात. मिशिगनमध्यें होप आणि कॅल्व्हिन या, दोन्ही डच परंपरेच्या आणि तासाभराच्याही अंतरावर नसलेल्या, कॉलेजांचें वैर इतकें जुनें आणि इतकें प्रेमाचें आहे कीं १९९७ च्या जानेवारींत त्यांचा सामना मोठ्या शहरी क्रीडागृहांत भरवावा लागला, आणि ११,४४२ लोक आले. असे दिवस क्वचितच येतात. नित्याच्या प्रेक्षकाला ते फारसे आवडतही नाहींत. त्याची जागा कोणी तरी पटकावलेली असते.

आज तर घराबाहेर पडण्याचेंही कारण उरलेलें नाहीं. बहुतेक लहान कॉलेजें आपले सामने इंटरनेटवरून दाखवितात, आणि घरीं आरामखुर्चींत बसून एका रात्रीं चार सामने पाहतां येतात. मुलगे आणि सुना फोनवरून हेंच सांगत असतात: या वयांत, या थंडींत, बर्फांतून मोटार हांकण्याची काय गरज? प्रश्न चुकीचा नाहीं. दर हिवाळ्यास एखाद्या रात्रीं मोटार खड्ड्यांत जाते आणि तास दोन तास थंडींत काढावे लागतात. एकटेपणा हें त्यांच्या हिंडण्याचें कारण आहे असें कांहींजण म्हणतात. तें थोडें खरें असेल. पण एकटेपणा घालवावयास गांवांतलें कॉफीचें दुकान पुरतें.

मुख्य गोष्ट अशी कीं, दोनशें माणसांच्या घरांत एक माणूस आला नाहीं तर तें कळतें. दारापाशीं तिकिटें देणारी मुलगी विचारते, शनिवारीं कोठें होतां? प्रशिक्षक मान हलवितो. आणि उलट बाजूनें पाहिलें तर, खेळणारी मुलगी अठराव्या वर्षीं येते व बाविसाव्या वर्षीं जाते. ते चार हिवाळे आईबापांखेरीज सबंध पाहिलेलीं माणसें किती? पहिल्या वर्षीं ती घाबरत होती, दुसऱ्या वर्षीं गुडघा दुखावून बाकावर होती, तिसऱ्या वर्षीं परत आली, चौथ्या वर्षीं कर्णधार झाली. हें सर्व कोणा परक्याच्या वहींत चार ओळींत लिहिलेलें असतें. तिला त्याचें नांवही ठाऊक नसतें. तरी शेवटच्या वर्षीं केव्हां तरी ती पायऱ्यांकडे पाहून हात वर करते, आणि तो म्हातारा कोणासाठीं म्हणून मागें वळून पाहतो.

या वह्यांना अलीकडे एक नवें महत्त्व आलें आहे, आणि तें सुखाचें नाहीं. लहान कॉलेजें बंद पडत आहेत. कॉलेजांत जाणाऱ्या वयाचीं मुलें कांहीं भागांत कमी झालीं, खर्च वाढला, कर्जें फिटेनात. इलिनॉय राज्यांतील जॅक्सनव्हिल येथील मॅकमरे कॉलेज १८४६ सालीं स्थापन झालेलें. तें २०२० मध्यें बंद झालें. त्याच राज्यांतील लिंकन कॉलेजानें अब्राहम लिंकन हयात असतांनाच त्यांचें नांव धारण केलें होतें. तें २०२२ च्या मे महिन्यांत बंद झालें. आणि २०२३ च्या मे महिन्यांत १८४२ सालचें तें माउंट प्लेझंटचें आयोवा वेस्लियनही मिटलें. या तिन्ही ठिकाणीं बंद होण्याची वार्ता मार्च महिन्यांत फुटली. मार्च म्हणजे हंगाम संपलेला. याचा अर्थ असा कीं, फेब्रुवारींत त्या कॉलेजांचे जे शेवटचे सामने झाले, ते शेवटचे आहेत हें मैदानावरील मुलांना ठाऊक नव्हतें आणि पायऱ्यांवरील माणसांनाही नव्हतें. निरोपाचा समारंभ नाहीं, भाषण नाहीं. नेहमीप्रमाणें शिटी झाली, मुलांनीं एकमेकांचे हात हातांत घेतले, आणि दिवे मालवले. ज्याच्या वहींत त्या रात्रीची नोंद असेल, त्यानें ती लिहितांना दुसऱ्या कोणत्याही बुधवारसारखीच लिहिली असणार. गुणसंख्या, आणि एखादी ओळ.

तेव्हांपासून पुष्कळांनीं वेळापत्रक ठरविण्याची रीत बदलली आहे. पूर्वीं ते चांगला संघ कोठें आहे तें पाहत. आतां, ज्या कॉलेजाविषयीं वृत्तपत्रांत वाईट बातम्या येत असतात तेथें आधीं जातात.

फेब्रुवारीच्या अखेरीस घरच्या मैदानावरील शेवटचा सामना येतो. त्या दिवशीं खेळापूर्वीं शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकेकास नांवानें हांक मारतात. आई एका हाताला, बाप दुसऱ्या हाताला, आईच्या हातांत फुलें. मग सामना होतो, कोणी तरी जिंकतें. माणसें कोट चढवून बाहेर पडूं लागतात, आणि विद्यार्थी पायऱ्यांचे बाक भिंतींत ढकलूं लागतात. पांचव्या पायरीवर एक जोडपें अजून बसलेलें असतें. तें उठेपर्यंत मुलें तेवढा एक बाक राहूं देतात. बाहेर मोटारीच्या काचेवर बर्फ गोठलेलें. नवरा तें खरवडीत असतां बायको दिव्याखालीं वही धरून शेवटची ओळ पुरी करते.

“नोव्हेंबरांत पहिला सामना कोणाशीं?” तो विचारतो.

“अजून लागलें नाहीं,” ती म्हणते, आणि वही मिटून मोटारींत बसते.